लोणारच्या गाळातली पावसाची नोंद

लोणारला गेलेला माणूस दैत्यसूदनाचे मंदिर पाहतो, विवराच्या कडेवरून सरोवर पाहतो आणि परततो. तळाच्या गाळाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आज मी त्या गाळाविषयी बोलणार आहे.

बुलडाणा जिल्ह्यातले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात तयार झाले. सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी, की हळदीचा कागद त्यात बुडवला तर लाल व्हावा. या पाण्यात सूक्ष्म शेवाळ अमाप वाढते. मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते आणि तिथला प्राणवायू संपवते. प्राणवायू नाही म्हणून गाळ उकरणारे किडे नाहीत. थरावर थर शाबूत राहतो.

पण जुना थर साचताना तळाशी प्राणवायू होता की नव्हता, हे कसे ओळखायचे? प्राणवायू असेल तर जैव पदार्थ अधिक कुजतात. त्यातल्या अमिनो आम्लांचे प्रमाण आणि हलक्या-जड नायट्रोजनचे गुणोत्तर बदलते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी लोणारच्या आजच्या गाळावर हा फरक तपासला. ही पारख आधी हवी. नाहीतर प्राणवायूमुळे झालेला बदल आपण पावसाच्या माथी मारू.

प्राचीन समुद्रांचा इतिहासही याच रीतीने कळतो. प्राणवायूयुक्त समुद्रात मॉलिब्डेनम हा धातू बहुतांशी विरघळलेला राहतो. प्राणवायू संपून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साचला, की तो तळाच्या काळ्या चिखलात उतरतो. त्या चिखलाचा खडक झाला तरी पुरावा टिकतो.

लोणारच्या गाळाने काय सांगितले? तिथून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळाच्या स्तंभात जवळपास ११,००० वर्षांची नोंद आहे. पाणी आटून क्षार दाट झाले की गेलुसाइटचे स्फटिक बनतात. हे स्फटिक दोन काळांत सापडले: ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. म्हणजे मोसमी पाऊस शतकानुशतके क्षीण राहू शकतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष, पावसाच्या भरवशावर कपाशी आणि सोयाबीन पेरणाऱ्या आपल्या भागाला विचार करायला लावणारा आहे.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा सारे पाहायला धावले. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हे संरक्षण पाण्याच्या रंगापुरते राहू नये. गाव-शिवाराचे सांडपाणी आत गेले किंवा तळ उपसला गेला, तर पावसाची ही नोंद पुसली जाईल. आणि तिची दुसरी प्रत आपल्याकडे नाही.