चंद्रतालची वाट



शाळेंतील वेळापत्रकें आंखण्यांत माझें आयुष्य गेलें. त्यामुळें प्रवासाचा बेत करणें हें तर आपल्या हातचेंच काम, असा माझा समज होता. तो समज कसा फिटला, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ४३०० मीटर उंचीवर, चंद्रताल नांवाचें सरोवर आहे. त्याचा आकार चंद्रकोरीचा. भोंवतीं ना झाडी, ना शेती. केवळ उघडे डोंगर आणि बर्फ. म्हणूनच तेथील पाणी नितळ राहिलें आहे. तें पाणी चंद्रा नदीस मिळतें. पुढें तांदी येथें चंद्रा व भागा यांचा संगम होतो, आणि त्या प्रवाहाला चंद्रभागा अथवा चिनाब म्हणतात. आपल्या पंढरपूरची भीमाहि तिच्या कोरीसारख्या वळणामुळें चंद्रभागाच म्हणविते. नांवाच्या ह्या नात्यानेंच मला त्या सरोवराची ओढ लागली.

चार वर्षांपूर्वीं पत्नी व धाकटा भाऊ यांना घेऊन मी निघालों. रजा भावाची, आणि वेळापत्रक माझें. मनालीस एक रात्र काढून पहांटे मोटार केली. रोहतांगच्या पोटांतून जाणारा नऊ किलोमीटरांचा बोगदा २०२० सालीं खुला झाल्यापासून ही वाट फार सोपी झाली आहे. एक दिवस वांचला म्हणून मी मनांतल्या मनांत माझीच पाठ थोपटली. संध्याकाळीं सरोवरापासून कांहीं अंतरावरील तंबूंत पोंचलों. उजाडल्यावर दर्शन घ्यावें, असें ठरलें.

परंतु रात्रीं भावाचें डोकें असह्य दुखूं लागलें. उलट्या झाल्या, पाय लटपटूं लागले. मी म्हणालों, “सकाळपर्यंत पाहूं.” आमचा लाहौली चालक मात्र ऐकेना. थांबणें म्हणजे जिवाशीं खेळ, असें निक्षून सांगून त्यानें रात्रींच गाडी खालीं काढली. कोकसरच्या आसपास आल्यावर भावाच्या चेहऱ्यावर रंग परतला. सरोवर आमच्या पाठीमागें, न पाहतांच राहिलें.

दोष कोणाचा? पूर्णपणें माझा. ४३०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सुमारें साठ टक्केच असतो, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूहि त्याच मानानें घटतो. शरीर ह्या उणीवेशीं जुळवून घेतें खरें. पण त्यास दिवस लागतात. वयानें तरुण वा अंगानें धट्टाकट्टा असल्यानें त्यांत सूट मिळत नाहीं. जाणत्या वैद्यांचा नियम असा कीं, ३००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून ५०० मीटरांपेक्षां अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा. मी मात्र एका दिवसांत बावीसशें मीटरांहून अधिक चढण आंखली होती!

आतां भावानेंच पुन्हां विषय काढला आहे: “दादा, सरोवर राहिलेंच कीं!” म्हणून यंदा नवा बेत केला आहे. पावसांत दरडी कोसळतात, आणि ऑक्टोबरनंतर कुंझुम घाट बर्फानें बंद होतो. म्हणून सप्टेंबर महिना निवडला. वाट सिमल्याची, लांबची. किन्नौरांतील कल्पा येथें, तीन हजार मीटरांच्या किंचित् आंत, दोन रात्री. मग ताबो, जेथें ९९६ सालीं स्थापन झालेला बौद्ध मठ आहे. मग काझा येथें दोन रात्री, नंतर लोसर, आणि त्यानंतर कुंझुम ओलांडून सरोवर. गरम कपडे जुलैंतहि लागतातच: जुलै २०२३ मध्यें अवेळीं पडलेल्या बर्फामुळें अडीचशेंहून अधिक प्रवासी तेथें अडकून पडले होते. म्हणून ह्या वेळीं दोन दिवस रिकामे ठेवले आहेत. निघण्यापूर्वीं तिघांनींहि डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घ्यावयाची आहे. आणखी एक गोष्ट: २००५ पासून हें सरोवर रामसर करारान्वयें संरक्षित पाणथळांच्या यादींत आहे. तेव्हां साबण पाण्यास लावावयाचा नाहीं, आणि केरकचरा आपल्या पिशवींतून परत आणावयाचा.

बेत वाचून दाखविल्यावर पत्नीनें विचारलें, “सगळें ठीक; पण परत फिरा, असें तुम्हांला सांगायचें कोणीं?” मला उत्तर सुचेना. शेवटीं वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच हातानें एक कलम लिहविलें: तिघांपैकीं कोणींहि डोकें दुखतें म्हटलें, तर वर चढणें तेथेंच थांबवावयाचें, आणि उलट्या झाल्या, दम लागला वा तोल जाऊं लागला, तर रात्र असो वा दिवस, खालीं उतरावयाचें. त्यावर वाद नाहीं.

आषाढींत गर्दीमुळें गाभाऱ्यापर्यंत न पोंचलेला वारकरी कळसाला हात जोडतो, आणि समाधानानें घरीं परततो. त्याची वारी कोणी अपुरी म्हणत नाहीं. तेवढें समाधान सामानाबरोबर बांधून घेतलें, म्हणजे माझें वेळापत्रक पुरें झालें.