सिंबिडियमची बदली
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, याबद्दल प्रथम सर्वांचे मनापासून अभिनंदन. कमिटीने मला 'छंद' या विषयावर दहा मिनिटे दिली आहेत. बँकेतला माणूस असल्यामुळे वेळेचा हिशेब चुकणार नाही, हमी देतो.

नोकरीत असताना माझी दोन वर्षे सिलिगुडीला बदली होती. रविवारी आम्ही कालिंपाँगला जायचो. उंची साधारण चार हजार फूट. फेब्रुवारीत हात खिशातून काढवत नाही अशी थंडी, आणि घराघरांच्या व्हरांड्यात सिंबिडियमच्या कुंड्या फुललेल्या. सिंबिडियम म्हणजे ऑर्किडचा एक प्रकार. आपल्या मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. एकेका दांड्यावर दहा-बारा फुले, आणि ती महिना-दीड महिना टिकतात. आमच्या सौ.च्या मनात ती फुले बसली ती बसलीच.

निवृत्तीनंतर २०१२ साली आम्ही पुन्हा तिकडे सहलीला गेलो आणि तिथल्या नर्सरीतून एक रोप घेऊन आलो. मिठबावला आणून ते पडवीत ठेवले. शेणखत दिले, पेंड दिली, सावलीसाठी हिरवी जाळी बांधली. पाने अशी माजली की बघत राहावे. पण फूल? सहा वर्षांत एक नाही! सौ. म्हणायची, "अहो, ही सासुरवाशीण काही रुळत नाही आपल्याकडे."

शेवटी कृषी विद्यापीठातल्या एका जाणकारांना विचारले. ते हसून म्हणाले, "काका, तुमच्या सेवेत खोट नाही, तुमच्या रात्रीच गरम आहेत." फुलबाजारातली मोठ्या फुलांची सिंबिडियम ही हिमालय आणि ब्रह्मदेशाकडच्या डोंगरी जातींच्या संकरातून आलेली. पावसाळा सरताना रात्रीचे तापमान दहा ते चौदा अंशांवर उतरले, दिवस आणि रात्र यांत चांगला फरक पडला, की मगच त्यांना फुलाचा दांडा सुटतो. आपल्याकडे गजबादेवीच्या बाजूने समुद्राचा वारा. भर पौषातसुद्धा पहाटेचा पारा सोळा-सतराच्या खाली क्वचितच जातो. झाड जगते, पण फुलायची वेळ झाली हे त्याला कळतच नाही.

म्हणजे चूक पोस्टिंगची होती. २०१९ मध्ये मी त्याची बदली केली. माझी भाची देहरादूनला असते, जावई सैन्यात आहेत. तिने काय केले ते सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले-नातवंडे थंड मुलुखात आहेत. उन्हाळ्यात कुंडी विरळ सावलीत, पाणी भरपूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंडी मुद्दाम बाहेर, थंडी खाऊ द्यायची. दवाचा बर्फ व्हायला लागला की आत घ्यायची, पण हीटरच्या खोलीत नाही, थंड आणि उजेडाच्या व्हरांड्यात. पाणी कमी करायचे, पण मुळे कोरडी ठणठणीत होऊ द्यायची नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर फोटो आला : एक दांडा, नऊ फुले. सौ.ने तो फोटो अख्ख्या सोसायटीला दाखवला, तुम्हाला आठवत असेलच.

आता खरी गोष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले. मागच्या कुंपणालगतच्या काजऱ्याची मोठी फांदी पडली. दुसऱ्या दिवशी गडी ती तोडत होता. फांदीवर जाड, पट्ट्यासारख्या पानांचा एक गड्डा होता. तो म्हणाला, "साहेबानू, ह्यां बांडगूळ. टाकून देतंय." मी पाने हातात घेतली आणि थबकलो. ही ठेवण मी सहा वर्षे रोज पुसली होती! ते आपल्या कोकणातले सिंबिडियम होते, शास्त्रीय नाव सिंबिडियम अलोइफोलियम. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे खुपसून त्याचा रस ओढते. आमरी नुसती फांदीवर बसते, पावसाचे पाणी आणि कुजलेला पालापाचोळा यांवर जगते. झाडाचे काही घेत नाही.

आणि हे काही साधेसुधे झाड नव्हे. सिंबिडियम या वंशाचे नाव १७९९ मध्ये ठेवले गेले, आणि ज्या जातीवरून हा वंश ओळखला जातो ती हीच. त्याच्याही आधी, १६९३ मध्ये छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'च्या बाराव्या खंडात तिचे चित्र आहे, नाव 'कांजिरम मरवर'. कांजिरम म्हणजे आपला काजरा! या ग्रंथाला मदत करणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे कोकणी वैद्य. त्यांचे निवेदन पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे.

तो गड्डा मी लाकडी टोपलीत लावला. सोडणाचे तुकडे आठवडाभर भिजवून, पाणी बदलून घेतले. त्यात कोळसा आणि विटेचे तुकडे घातले. माती अजिबात नाही. सकाळचे ऊन, दुपारी सावली. पाणी साठवलेल्या पावसाचे, कारण आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. मे २०२४ मध्ये हातभर लांबीचा दांडा खाली लोंबला. पिवळसर फुले, मधोमध तपकिरी-लाल पट्टा. कालिंपाँगच्या फुलांपुढे लहानच. पण सौ. खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायची.

आता एक कबुली. २०१५ साली गेट रुंद करताना आपण जुना फणस तोडला. मी खजिनदार होतो, ठरावावर माझी सही आहे. त्या फणसावर असेच दोन गड्डे होते आणि 'बांडगूळ टाका' असे मीच सांगितले होते. आठशे कोसांवरून पैसे मोजून जे आणले, ते दारातच होते, आणि मी ते कचऱ्यात घातले.

येत्या वार्षिक सभेत पार्किंग शेडसाठी उरलेला काजरा तोडण्याचा विषय आहे. त्याच्या वरच्या फांदीवर अजून एक गड्डा आहे. माझी विनंती एवढीच, की मतदानाआधी सर्वांनी एकदा मागे जाऊन वर बघावे. शेड चार फूट अलीकडे घेता येईल का, तेही मोजून बघू. मी टेप घेऊन येतो. मुलांनो, तुम्हीही या, पण जंगलातली आमरी कुणी ओरबाडून आणायची नाही. वादळाने पाडलेली उचलायची, उभ्या झाडावरची तिथेच ठेवायची.

दहा मिनिटे झाली.