घर आहे, सातबारा नाही

शहराला कंटाळून निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या एखाद्या वसाहतीत कायमचं राहायला जावं, असं अनेकांना वाटतं. अशांना मी पुद्दुचेरीजवळच्या ऑरोविलचं उदाहरण देतो.

२८ फेब्रुवारी १९६८ रोजी ऑरोविलची स्थापना झाली, तेव्हा तिथं तांबड्या मातीचं उजाड पठार होतं. पावसाबरोबर माती समुद्राकडे वाहून जायची. पहिल्या रहिवाशांनी बांध घातले, पाणी अडवलं, झाडं लावली. त्यातून जंगल उभं राहिलं.

पण तिथं राहायला जाणं म्हणजे प्लॉट घेणं नव्हे. आधी नवागत म्हणून राहायचं, काम करायचं, मगच प्रवेश. घरासाठी पैसे दिले तरी मालकी मिळत नाही; ते मुलांच्या नावावर करता येत नाही.

मतभेदही असतातच. डिसेंबर २०२१मध्ये नियोजित रस्त्यासाठी झाडं तोडली गेली आणि रहिवाशांत दोन तट पडले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तेव्हा नुसती झाडांची आवड पुरत नाही. जे आपल्या नावावर कधीच होणार नाही, त्यासाठी रोज राबता येईल का? न पटणाऱ्या शेजाऱ्याशेजारी बैठकीत बसता येईल का? उत्तर ‘हो’ असेल, तर आधी काही महिने राहून पाहा. शहरातलं घर मात्र लगेच विकू नका.