दारापुढची हरळी आणि तिची कड

आम्ही कुंभार पिंपळगावच्या बचत गटातल्या बाया. आज दारापुढच्या गवताबद्दल बोलणार आहोत. "गवताचं काय बोलायचं, विळा घ्यायचा अन् कापायचं," असं कुणीतरी आत्ताच म्हटलं असेल. पण श्रावणात आपल्या काळ्या मातीत दारापुढं काय होतं ते तुम्ही जाणता. पाय ठेवला की चिखल, चिखल नसेल तिथं गुडघाभर गवत, आणि त्या गवतात काय बसलंय ते रात्री दिसत नाही.

शहरात बंगल्यापुढं हिरवंगार लॉन असतं ना, अनेक ठिकाणी ते गवत म्हणजे आपली हरळीच असते. शेतात जिच्या काशा खणून खणून कंबर मोडते, तीच. आणि भाद्रपदात गणपतीसाठी एकवीस दूर्वांची जुडी करायला शोधत फिरतो, तीही हीच. शेतात ती वैरीण खरी, पण दारात ठेवली तर माती धरून ठेवते, चिखल होऊ देत नाही. म्हणून ती सगळी उपटून टाकू नका. तिला आखूड ठेवा आणि तिची कड राखा. आमच्या मते अर्धं काम कडेचंच आहे.

आधी कापण्याचं. पाऊस उघडून जमीन सुकली की कापा. ओल्या गवतावर विळा घसरतो, आणि काळी माती पायाखाली दबून घट्ट होते. कापायच्या आधी काठीनं गवत हलवून घ्या, दगड-काचा वेचा. विळ्याला कानशीनं धार लावा. बोथट विळ्यानं पातं तुटत नाही, फाटतं, मग शेंडे पिवळे पडतात. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. गवत फारच वाढलं असेल तर आज थोडं, आठ दिवसांनी थोडं. शेवटी दोन-तीन बोटं उंची राहू द्या. पार मुळाशी खरवडलं की हरळी विरळ होते, आणि मोकळ्या जागेत गाजर गवत येतं.

गाजर गवत तर फुलण्याआधीच उपटायचं, ओलीत, हाताला पिशवी बांधून. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. आपल्या देशात ते पुण्यात १९५५च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलं, आता कुठलं गाव सुटलंय सांगा.

काही गावांत गवत कापायचं मशीन भाड्यानं मिळतं. (मशीन आलं की घरातले पुरुष हौसेनं पुढं होतात. विळा होता तोवर ते काम बाईचं होतं!) मशीनचा दोरा खडा उडवतो. डोळ्याला चष्मा, पायात बूट हवेत, आणि लेकरं अन् शेरडं लांब.

आता कड. अंगणाच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणा. दोरीच्या रेषेवर फावडं उभं मारत जा, चार-पाच बोटं खोल. दोरीबाहेरची हरळी काशांसकट काढा. काशीचा एक तुकडा राहिला तरी तो फुटतो, म्हणून त्या उकिरड्यावर टाकू नका, दगडावर कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा त्याच चरातून फावडं फिरवलं की हरळी भाजीच्या वाफ्यात शिरत नाही.

भिंतीलगत मात्र दीड-दोन हात पट्टा अगदी मोकळा ठेवा. मिळाला तर मुरूम टाका. तिथं पऱ्हाट्या, सरपण, विटा रचू नका. अडगळीत उंदीर येतात आणि उंदरामागं साप. घोणस गवतात गप्प पडून राहते, मण्यार रात्री फिरते. कड मोकळी असली की बॅटरीच्या उजेडात आडवं पडलेलं काही असेल ते दिसतं. आम्ही कड रेखीव ठेवा म्हणतो ते याच्यासाठी. पाहुण्यांना दाखवायला नव्हे.

तरीही कुणाला साप चावलाच, तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका. मण्यार चावली तर कधी कधी दुखतही नाही, म्हणून "काही होत नाही" म्हणून थांबू नका. माणसाला आडवं करा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं औषध तिथंच मिळतं, मांत्रिकाकडं नाही.

"एवढं कशाला, तणनाशक मारून टाका," असं सांगणारेही भेटतात. दारात लेकरं रांगतात, कोंबड्या टिपतात, शेरडू तोंड घालतं. शिवाय गवत जळालं की पुन्हा चिखल आहेच. आम्हाला ते पटत नाही.

उन्हाळ्यात हरळी पिवळी पडेल. पडू द्या. हंडाभर पाण्यासाठी वणवण असताना गवताला पाणी कुठलं? वरून मेल्यासारखी दिसली तरी खाली काशा जिवंत असतात, मृगाच्या पावसात ती पुन्हा फुटते.

कापलेलं गवत शेरडांना घाला. आणि गणपतीच्या आधी भिंतीपासून लांबचा, उजेडातला एखादा वीतभर तुकडा कापायचा ठेवा, म्हणजे जुडीसाठी कोवळ्या दूर्वा दारातच मिळतील.