मे महिन्यातले लोकरी मोजे

(उन्हाळी व्याख्यानमाला, गंगापूर रोड, नाशिक. वक्त्या निवृत्त परिचारिका आहेत.)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘वृद्धाश्रमातली हेळसांड : ओळख आणि उपाय’. 2007 चा ज्येष्ठांचा कायदा इथे बहुतेकांना ठाऊक आहे. प्रांतांकडे अर्ज, मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च, वगैरे. त्यात शिरत नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय. भेटायला गेलो की आपण पाया पडतो. पडताना टाच बघा.

(हशा)

हसा, पण बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचांवर येतो. साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलली नाही, तर दबलेल्या जागी रक्त पोचत नाही आणि कातडी मरू लागते. गोऱ्या पायावर लाली दिसते, बोटाने दाबली तरी ती फिकी पडत नाही. आपल्या सावळ्या पायांवर लाली कुठली दिसायला? तिथे हातच लावावा लागतो. जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा कडक लागते, कधी लिबलिबीत. चेहऱ्याला पावडर लावता येते, चादर भेटीच्या वेळेआधी बदलता येते. टाच रात्रीचा हिशेब देते.

आपण शिरवाडकरांच्या गावात बसलोय. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर रस्त्यावर येतात, म्हणून सगळ्यांना दिसतात. आजचे अप्पा स्वच्छ खोलीत असतात, त्यांचे पैसे वेळेवर भरलेले असतात.

माझी आत्या अशीच होती. खुब्याचं हाड मोडल्यावर तिला एका वृद्धाश्रमात ठेवलं. दर रविवारी चारला मी जायचे. वेणी घातलेली, पातळ इस्त्रीचं. मी नमस्कार करायचे, तिच्या आवडीची नानखटाई द्यायचे, तासाभराने निघायचे. मे महिना होता, पंखा गरम हवा फेकत होता आणि आत्याच्या पायांत लोकरी मोजे. म्हटलं, “आत्या, मोजे कशाला गं?” ती म्हणाली, “राहू दे.” मी काढले. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग, कडेने ओला. तीस वर्षं मी वॉर्डात मुलींना कूस बदलायला शिकवली आणि कित्येक रविवार त्या मोज्यांवरून हात फिरवून घरी गेले. मी दाराकडे वळले, तर आत्याने मनगट धरलं. “तिला बोलू नकोस. रात्री पाणी तीच देते.” आत्या पाणीसुद्धा कमी प्यायची, उठवायला कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून. ती रात्रीची मावशी अठरा जणांमागे एकटी होती. तिच्यावर काय ओरडणार होते मी?

(सभागृहातून : “सगळे वृद्धाश्रम असे नसतात!”)

नसतात, दादा. तुम्ही चालवता? मग तुम्हीच सांगा, रात्री किती माणसं ठेवता? चांगल्या ठिकाणी कूस बदलल्याचा तक्ता पलंगाला लटकलेला असतो आणि तो मागितला की कुणी रागावत नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तेही गेलं. तोवर नजर आपणच ठेवायची.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. उपाय राहिलेच, भरभर सांगते. वेळ न कळवता जा, रात्रीच्या जेवणाला जा. डाग दिसला तर तारीख घाला, त्यांना विचारून फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, व्यवस्थापकांना लेखी द्या. प्रवेशाच्या वेळीच रात्रीची माणसं आणि कूस बदलण्याची वेळ करारात लिहून घ्या. असहाय माणसाची सेवा कायदेशीर करारानं पत्करून ती जाणूनबुजून न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुठे जावं कळत नसेल तर 14567, ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन. लिहून घ्या, मी थांबते.

आणि टाचेखाली रबराची रिंग ठेवू नका. उशी पोटरीखाली लांबट ठेवायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे. असं तोंडी नाही कळायचं. अध्यक्षांच्या पाठीमागची ती उशी द्या इकडे. पहिल्या रांगेतले काका, तुम्ही वर येता का? चपला तिथेच राहू द्या.