कागदाचीं फुलें



कात्री, खळ आणि रंगीत कागद हें साहित्य स्त्रियांच्या विरंगुळ्याचें मानण्याची रूढि जुनी आहे. चिकटवहींतील गुलाबी पाकळ्या व जाळीदार किनार पाहून लोक "नाजूक आहे हो!" म्हणतात आणि पान उलटतात. हें नाजूक काम कोणत्या योग्यतेस पोंचूं शकतें, याची साक्ष इंग्लंडमधील मेरी डिलेनी या बाईंच्या वह्या देतात.

त्यांचा जन्म १७०० सालचा. सतराव्या वर्षीं नातलगांनीं त्यांना साठीच्या घरांतील एका जमीनदाराच्या गळ्यांत बांधलें. तो वारल्यावर पुष्कळ वर्षांनीं, १७४३ सालीं, त्यांनीं पॅट्रिक डिलेनी या धर्मोपदेशकाशीं स्वेच्छेनें विवाह केला. हा सुखाचा संसार १७६८ सालीं पतीच्या मृत्यूनें संपला. त्यानंतर वृद्ध बाई आपल्या मैत्रिणीच्या, पोर्टलंडच्या डचेसच्या, बल्स्ट्रोड येथील वाड्यांत बराच काळ राहूं लागल्या.

तेथें १७७२ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, जिरेनियमच्या पाकळीचा आणि जवळच्या लाल कागदाचा रंग एकच असल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं कात्री घेऊन पाकळ्या कातरल्या. डचेस आल्या त्या कागदी पाकळ्यांना खऱ्या समजल्या, असें सांगतात.

पुढील दहा वर्षांत अशीं सुमारें एक हजार चित्रें झालीं. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पार्श्वभूमि काळी, त्यामुळें फिकट पाकळीही उजळून दिसते. खरें फूल समोर ठेवावयाचें आणि नजरेच्या अंदाजानें कातरावयाचें. एका पाकळीसाठीं एकच तुकडा न वापरतां गडद छटेवर फिकट छटा चिकटवीत जावयाचें. पाकळीचा मऊपणा या थरांतून येतो. पानांच्या शिरा केसासारख्या बारीक पट्ट्यांच्या. कृष्णकमळाच्या जातींतील एका फुलांत तर २३० हून अधिक पाकळ्या आहेत. कांहीं ठिकाणीं खरें वाळलेलें पानही बेमालूम बसविलें आहे.

चित्राच्या पाठीमागें वनस्पतीचें शास्त्रीय नांव, दिनांक व स्थळ लिहिलेलें असे. म्हणूनच वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनीं या कामाची वाखाणणी केली, आणि राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लट यांनीं क्यू येथील बागेंतून नमुने धाडले. हजाराचा संकल्प मात्र पुरा झाला नाहीं. ब्यायशींच्या सुमारास दृष्टि अधू होऊन कात्री खालीं ठेवावी लागली. १७८८ सालीं त्या वारल्या. त्यांचीं ९८५ चित्रें ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत.

ज्या मुलीला चिकटवही सजवावयाची असेल तिनें महाग सामान जमविण्याच्या खटपटींत पडूं नये. एक काळा कागद, एकाच रंगाच्या तीन छटा आणि परसांतलें एक फूल पुरे. आधीं फूल नीट पाहावें. कात्री मागाहून उचलावी.