दारातली लिली नेमकी कोणती?

 

१८९२ साली आखून वसवलेली ही चामराजपेट. इथल्या जुन्या घरांपुढे अंगण हातभरच, पण त्या हातभर जागेतही एखादी लिली असतेच. कुणी लालबागेजवळून रोप आणतं, कुणाला शेजारच्या अज्जी कांदा उपटून देतात, कुणाचा कांदा बेळगावहून पिशवीतून येतो. नाव सगळ्यांचं एकच, लिली. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती लिली नसतेच.

तुम्ही म्हणाल, फूल छान आहे ना, मग नावाशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. घरात मांजर असेल किंवा झाडपाल्याचं औषध होत असेल, तर हेच नाव महागात पडतं. त्याकडे येतेच. आधी ओळखायचं कसं ते पाहू.

तीन गोष्टी बघा. पहिली, पानं. खरी लिली, म्हणजे शास्त्रज्ञांची लिलियम, तिची पानं उभ्या दांड्यावर खालपासून वरपर्यंत असतात. आपल्याकडच्या बहुतेक लिलींची पानं जमिनीलगत, आणि फुलाचा दांडा उघडाबोडका. दुसरी, फुलाचा बीजांडकोश, म्हणजे जिथे पुढे बी धरतं तो हिरवा भाग. लिलियममध्ये तो पाकळ्यांच्या आत असतो. पाकळ्यांच्या खाली, देठाशी हिरवी गाठ दिसली, तर ती लिलियम नव्हे. तिसरी, कांदा. लिलियमचा कांदा सुट्या, मांसल खवल्यांचा असतो, त्यावर पापुद्रा नसतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखा पापुद्रा दिसला, तर तेही घराणं वेगळं.

या कसोटीवर पावसाच्या पहिल्या सरीनंतर उमलणारी गुलाबी रेन लिली बाद होते. मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिलीही बाद. खरी लिली बघायची तर निलगिरीच्या डोंगरात जा. तिथे लिलियम नीलगिरेन्स नावाची पांढरी, कर्ण्यासारखी लिली रानात उगवते.

आता पाट्यांची गोष्ट. मोठ्या लाल फुलांच्या कुंडीवर ‘अ‍ॅमरिलिस’ लिहिलेलं असतं. दांडा आडवा कापून बघा. पोकळ निघाला तर ती दक्षिण अमेरिकेची हिपिअ‍ॅस्ट्रम. खऱ्या अ‍ॅमरिलिसचा दांडा भरीव, आणि ती दक्षिण आफ्रिकेची. या नावावरून शास्त्रज्ञांतही बरीच वर्षं वाद होता. १९८७ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अ‍ॅमरिलिस हे नाव आफ्रिकेच्या झाडाकडेच राहिलं. बाजारातल्या पाट्या मात्र अजून जुन्याच.

पांढऱ्या स्पायडर लिलीचाही असाच घोळ. फुलाच्या मधोमध पातळ पडद्याची वाटी असेल आणि पुंकेसर तिच्या काठावरून निघत असतील, तर ती हायमेनोकॅलिस, अमेरिकेकडची. वाटी नसेल, पुंकेसर सुटे आणि लालसर असतील, तर तो आपला नागदवणा, म्हणजे क्रायनम. फूल नसताना दोन्हींची पानं सहज फसवतात.

इथेच औषधाचा प्रश्न येतो. कान दुखला की सुदर्शनाच्या पानाचा गरम रस कानात पिळायची आपल्याकडे जुनी रीत. सुदर्शन म्हणजे क्रायनमच. पण अंगणातलं झाड तेच आहे हे कुणी तपासलं? आणि तेच असलं, तरी या घराण्याच्या झाडांत लायकोरीन नावाचं विष असतं. कानाचा पडदा फाटला आहे का हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. तेव्हा आजी रागावल्या तरी चालेल, पण डॉक्टरकडे जा.

कुंपणावरची कळलावी, इंग्रजी पाटीवर ग्लोरी लिली, ही तर आणखी जहाल. पानाच्या टोकाला वेलीचा ताणा असतो, ही तिची खूण. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. त्या कंदात कोल्चिसीन असतं. रताळं समजून तो खाल्ल्याने माणसं दगावल्याचं श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. तो कंद हाताळताना हातमोजे घाला आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता मांजर. गुच्छातली लिलियम आणि बागेतली डे लिली, या दोन्ही मांजराच्या जिवावर उठतात. पान चघळलं, अंगावरचे परागकण चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या, झाडाची एक फांदीही सोबत न्या. पीस लिलीने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडांवर तसा घाला पडत नाही. बघा, तिन्हींची नावं लिलीच, आणि फरक जिवाचा.

म्हणून नव्या कांद्यावर घाईने नाव लिहू नका. पाटीवर लिहा: कुणाकडून आणला, कधी लावला. फूल आलं की समोरून, बाजूने आणि देठाशी असे तीन फोटो काढा, पानांचाही एक काढा. मग जाणकाराला विचारा. तोवर पाटीवर ‘नाव कळायचंय’ एवढंच असू द्या. चुकीच्या नावापेक्षा ते बरं.